शिट्टी अर्धा श्वास आधी वाजवा: कबड्डीच्या पंचांना, प्रशिक्षकांना आणि मंडळांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यात किशोर आणि कुमार गटाचे सामने खेळवणारे पंच, पोरं घडवणारे प्रशिक्षक आणि स्पर्धा भरवणारी मंडळे यांस,

स.न.वि.वि.

मी वाळवा तालुक्यातला निवृत्त क्रीडाशिक्षक. शाळेत एकतीस वर्षं पी.टी. घेतली आणि त्यातली बावीस वर्षं संध्याकाळनंतर कबड्डीच्या मैदानावर पंच म्हणून उभा राहिलो. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बऱ्याच जणांनी माझ्या शिट्टीवर सामने खेळलेत. काहींनी त्यावरून मला शिव्याही दिल्यात, त्याबद्दल तक्रार नाही. सामना हरलेल्या पोराला पंचाशिवाय दुसरं कोण सापडणार?

पत्र लिहायला कारणं दोन आहेत. एक आपल्याच मातीतलं, वीस वर्षं उराशी धरलेलं. दुसरं गेल्या हिवाळ्यात कॅनडात बर्फावर पाहिलं. बर्फाचं आधी सांगतो, ते सांगायला सोपं जातं.

माझी लेक आणि जावई कॅलगरीत असतात. नातू तेरा वर्षांचा, आइस हॉकी खेळतो. मी पाच महिने त्यांच्याकडे होतो आणि त्यातले निम्मे शनिवार-रविवार एका गोदामासारख्या इमारतीत गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन काढले. बाहेर उणे वीस, आत तळपाय बधिर. सामना पहाटे साडेसहाला, कारण बर्फाचं मैदान ज्या वेळेला मिळेल त्या वेळेला खेळायचं. आपल्याकडे एवढ्या पहाटे माणूस फक्त उसाला पाणी पाजायला उठतो.

खेळ आपल्या हॉकीच्याच घराण्यातला. लडाखात गोठलेल्या तळ्यांवर खेळतात तो हाच. पायात पात्यांचे बूट, चेंडूच्या जागी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. मैदानाला चारी बाजूंनी छातीएवढी फळ्यांची भिंत आणि वर काच. ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्यानं किंवा कमरेनं धडक देऊन पकपासून तोडायचं, हा त्या खेळाचा रीतसर भाग आहे. त्याला बॉडी चेक म्हणतात. पण धडक पाठीमागून द्यायची नाही, डोक्याला द्यायची नाही, लांबून वेग घेऊन अंगावर यायचं नाही, फळीजवळ बेसावध असलेल्याला भिंतीत कोंबायचं नाही. हे वाचताना तुम्हाला आपलं नियमांचं पुस्तक आठवलं असेल. मला तिथं बसल्या बसल्या आठवलं.

नातवाचं धडकेचं हे पहिलंच वर्ष. तिकडे १३-१४ वर्षांच्या गटापासून पुढे धडक चालते आणि तीही वरच्या स्तराच्या संघांना. त्याच कॅलगरीत खालच्या स्तराच्या संघांना या वयातही धडक बंद आहे. पोराला हाडं शाबूत ठेवून नुसतं खेळायचं असेल तर तशी वेगळी वाट ठेवलेली आहे. आपल्याकडे अशी वाट नाही. कबड्डी खेळायची तर सगळीच खेळायची, नाहीतर घरी बसायचं.

ही वाट आपोआप पडली नाही. पूर्वी त्या देशात काही प्रांतांत ११-१२ वर्षांच्या मुलांनाही धडक चालायची. अल्बर्टात चालायची, क्वेबेकमध्ये नाही. खेळ एक, वय एक आणि नियम दोन, असा प्रयोग आयताच मांडून ठेवलेला होता. कॅलगरी विद्यापीठाच्या कॅरोलिन एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या मिळून दोन हजारांवर मुलांच्या दुखापती एक हंगामभर मोजल्या आणि २०१० साली आकडे छापले. धडक चालत होती तिथं दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला, डोक्याला हादरा बसण्याचाही तितकाच. २०११ साली अमेरिकेनं आणि २०१३ साली कॅनडानं देशभर त्या गटातून धडक काढून टाकली. माझी लेक फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं हे सगळं मला जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं.

मी तिला तेच विचारलं जे तुम्ही आत्ता मनात म्हणत असाल. लहानपणी शिकला नाही तर मोठेपणी जास्त मार खाईल की? ती हसली. म्हणाली, "आबा, तिकडच्या प्रशिक्षकांनीपण हेच विचारलं होतं." म्हणून त्याच लोकांनी पुढं १३-१४ च्या गटातली पोरं तपासली. दोन वर्षं आधी धडक शिकलेली एका बाजूला, न शिकलेली दुसऱ्या बाजूला. एकूण दुखापतींत फरक पडला नाही. आठवड्याहून जास्त घरी बसवणाऱ्या मोठ्या दुखापती मात्र आधी शिकलेल्यांत थोड्या कमी दिसल्या. हे माझ्या बाजूचं नाही, तरी सांगतो, कारण अर्धं सांगून तुमच्याकडून पुरं मागणं बरं नव्हे. पण त्या थोड्याशा फायद्यासाठी अकरा-बारा वर्षांच्या पोरांनी तिप्पट मार खायचा का, याचं उत्तर त्यांनी दिलं. नियम बदलल्यावर त्या वयाच्या मुलांच्या दुखापती साधारण निम्म्यावर आल्या.

आता त्या सामन्यातलं. जानेवारीतला रविवार, नातवाचा संघ एका गोलनं मागं. त्यांचाच एक दांडगा पोरगा, आधीच मिशी फुटलेला, समोरच्या संघाच्या एका किडकिडीत पोराच्या पाठीवर फळीजवळ आदळला. किडकिडीत पोरगा काचेवर तोंड आपटून खाली. पंच जेमतेम सतरा वर्षांचा असेल. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, दंडाला नारिंगी पट्टी. काही ठिकाणी अठरा वर्षांखालच्या पंचांच्या दंडाला हिरवी पट्टी असते म्हणे, म्हणजे प्रेक्षकांनी ओळखावं की हेही पोरच आहे, तोंड सांभाळा. तर त्या पोरानं क्षणात हात वर केला, शिट्टी मारली आणि त्या दांडग्याला दारातून बाहेर काढलं. त्या दिवशी तो परत बर्फावर आला नाही. माझ्या मागं बसलेला एक बाप उठून ओरडला, "लेट देम प्ले!"

इंग्रजी मला बेताचंच येतं, पण हे वाक्य मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. "खेळू द्या की पंच!" हेच मी पेठपासून तासगावपर्यंत प्रत्येक मैदानावर ऐकलंय. तोच सूर, तोच राग. फरक एवढाच की त्या सतरा वर्षांच्या पोरानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी वळून पाहिलं होतं. आता मातीतलं सांगतो.

२००४ सालची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, मंडळाचंही नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. शिवजयंतीची स्पर्धा, किशोर गट, उपांत्य सामना रात्री साडेअकराला लागला. हॅलोजनच्या उजेडात धूळ तरंगत होती. पाहुण्या संघाचा चढाईपटू पंधरा वर्षांचा, काटक. एका पायावर भिंगरीसारखा फिरायचा. पहिल्या पाच मिनिटांतच यजमानांच्या डाव्या कव्हरनं, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूनं, त्याच्या मानेत हात घालून त्याला खाली ओढलं. शिट्टी माझ्या तोंडात होती. नियमानं तो चढाईपटू बाद नव्हता आणि कव्हरला निदान हिरवं कार्ड होतं. मी चढाईपटूला बाद दिलं. कव्हरकडे नुसतं डोळे वटारून पाहिलं. का? कारण पब्लिक नाचत होतं. कारण मंडळाचे अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते. कारण सामना सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती आणि एवढ्यात कार्ड काढलं तर सामना बिघडेल असं मला वाटलं.

सामना मीच बिघडवला होता. पंधरा वर्षांच्या पोराला तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत जे सोडता, ते त्याच्यासाठी त्या सामन्यापुरता नियम होतं.

मध्यंतरानंतर त्याच चढाईपटूला उजव्या कोपऱ्यावरच्या बचावपटूनं घोट्यात धरलं. साखळीतल्या दोघांनी कंबर धरली. त्याचा दम तुटला होता. तो मध्यरेषेपासून चांगला दीड मीटर आत होता आणि त्याचे पाय थांबले होते. पकड झाली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण पोरगा लवचीक, सुटला तर काय, म्हणून मी अर्धा श्वास थांबलो. तेवढ्यात डावा कव्हर हवेतून आला आणि धरलेल्या, थांबलेल्या पोराच्या खांद्यावर गुडघ्यासकट पडला. वाळकं चिपाड मोडावं तसा आवाज झाला. कॉलर बोन. डोकंही जमिनीला लागलं होतं. जीपमधून मिरजेला नेताना तो दोनदा ओकला आणि तिसऱ्यांदा मला विचारलं, "सर, सामना कवा हाय?"

पोरगा बरा झाला. परत चढाईला मात्र गेला नाही. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दानं दुखवलं नाही. "खेळात व्हतंच की सर," म्हणाले. त्यांनी मला ती सूट दिली आणि मी ती वीस वर्षं बिनबोभाट वापरली. पुढं कितीतरी सामन्यांनंतर दुसऱ्या पोरांच्या बापांना मीच तेच वाक्य ऐकवलं.

मंडळी, मी काही नवा नियम मागत नाही. आहे तोच पुरेसा कडक आहे. चढाईपटूला हातापायांना किंवा धडाला धरायचं, बाकी कुठंही नाही. तोंड दाबायचं नाही, गळा आवळायचा नाही, पायांची कैची घालायची नाही, इजा होईल अशी पकड करायची नाही. केली तर चढाईपटू बाद होत नाही. आणि खिशात तीन कार्डं आहेत. हिरवं ताकिदीचं, पिवळं दोन मिनिटांसाठी बाहेर, लाल सामन्यातूनच बाहेर. गंमत बघा, बर्फावरच्या हॉकीतही साध्या चुकीला दोन मिनिटंच असतात. तिथं पोरगा काचेच्या खोक्यात बसतो, त्याचा संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो आणि ती दोन मिनिटं सगळं मैदान मोजतं. गेल्या दोन-तीन हंगामांत मी प्रेक्षक म्हणून किशोर गटाचे किती सामने पाहिले त्याची गणती नाही, पण मानेच्या पकडीला पिवळं कार्ड निघालेलं मला एकदाही दिसलं नाही. बाद झाल्यावर पंचाशी हुज्जत घातली म्हणून निघालेलं दिसलं. पंचाचा अपमान झाला तर कार्ड, पोराची मान मुरगळली तर "खेळा, खेळा".

हे असं का होतं ते मला ठाऊक आहे, मी त्यातूनच गेलोय. पंचाचं मानधन म्हणजे पेट्रोल आणि नाश्ता. रात्री दोन वाजता घरी. आणि पुढच्या वर्षी बोलावणं येणार का, हे मंडळ ठरवतं. ज्यानं यजमानांच्या हुकमी कव्हरला बाहेर बसवलं त्याला पुढच्या शिवजयंतीला फोन येत नाही. "ते सर लई शिट्ट्या मारत्यात, खेळ मरतो" एवढं एक वाक्य दोन तालुक्यांत फिरलं की झालं. तेव्हा मंडळांनो, हे पत्र पंचांइतकंच तुम्हालाही आहे. तुमच्या मैदानावर ज्यानं कार्ड काढलं त्याला पुढच्या वर्षी पहिला फोन करा. ते जमत नसेल तर किशोर गटाचे सामने तरी ठेवू नका, मोठ्यांचे ठेवा. मोठे स्वतःचं बघून घेतील.

टीव्हीचंही थोडं आहे. २०१४ पासून प्रो कबड्डी आली, काशिलिंग आडके, नितीन मदने ही आपल्या जिल्ह्याची पोरं पडद्यावर दिसली आणि आपली छाती फुगली. माझीही फुगली. पण पडद्यावर अव्वल पकड दिसते, तिच्यामागची दहा वर्षांची माती दिसत नाही. डॅश मारून चढाईपटूला उडवलेलं पोरं बघतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर करतात. टीव्हीतल्या मैदानात खाली मॅट असते, कडेला मोकळी जागा असते, बाकाजवळ डॉक्टर असतो. आपल्याकडे रेषेच्या बाहेर हाताभरावर खुर्च्या, बांबू आणि हॅलोजनचा खांब.

"पकड काढली तर कबड्डीत राहिलं काय?" असं कुणी म्हणेल. पकड काढा असं कोण म्हणतंय? पकड हाच तर या खेळाचा जीव. उजवा कोपरा चढाईपटूच्या पायाकडे बघत असतो, चेहऱ्याकडे नाही. वजन पुढच्या पायावर पडलं की तोच घोटा, तीच वेळ. टाच उचलली, की पन्नास किलोचा पोरगा सत्तर किलोच्याला बसवतो. मांडी पकडताना खांदा मांडीच्या मुळाशी जातो आणि डोकं बाहेरच्या अंगाला, मागं. डोकं चढाईपटूच्या गुडघ्यासमोर आलं की मार पकडणाऱ्यालाच बसतो. चढाईपटूचं कॉलर बोन मोडतं ते दिसतं, पकडणाऱ्याच्या कपाळाला बसलेला गुडघा कुणाच्या लक्षात येत नाही. प्रशिक्षकांनो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तुमच्यातले किती जण पडायला शिकवतात? हात न टेकवता खांद्यावरून गोल पडायचं, हनुवटी छातीला लावायची, धरल्यावर अंग सोडायचं. वस्ताद तालमीत नवं पोर आलं की पहिले दोन महिने डाव शिकवत नसे. मान तयार करून घ्यायचा, पडायला शिकवायचा, मग डाव. पैलवान मारुती मानेंच्या जिल्ह्यात हे मी सांगायला नको. आणि आपण ज्या कुस्तीच्या रांगडेपणाचे दाखले देतो, तिच्याच आंतरराष्ट्रीय नियमांत शाळकरी वयाच्या मल्लांना मानेवरचा दुहेरी नेल्सन हा डाव बंद आहे, नेमका मान वाचवण्यासाठी. म्हणून कुस्ती काही बायकी झाली नाही. हा शब्द मी मैदानावर ऐकतो म्हणून वापरला, नाहीतर आपल्या जिल्ह्यातल्या मुलींची पकड बघितली तर तो कुणी काढणार नाही.

डोक्याच्या माराबद्दल मात्र थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण तिथं आपण सगळे अडाणी आहोत आणि मी सगळ्यात आधी. पोरगं डोक्यावर पडलं की आपण काय करतो? तोंडावर पाणी मारतो, कान चोळतो, दोन बोटं दाखवून "किती?" विचारतो, ते "दोन" म्हणालं की टाळ्या वाजवून परत आत. पब्लिकही टाळ्या वाजवतं. पोरगं शूर ठरतं. कॅनडातच ओटावा शहरात रोवन स्ट्रिंगर नावाची सतरा वर्षांची मुलगी रग्बी खेळायची. २०१३ साली आठवड्याभरात तिच्या डोक्याला लागोपाठ मार बसले. डोकं दुखत होतं, तरी खेळली. शेवटच्या सामन्यात पुन्हा आपटली आणि उठलीच नाही. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला की असं होऊ शकतं. तिच्या नावानं ओंटारिओ प्रांतानं २०१८ साली कायदा केला. डोक्याला हादरा बसल्याची शंका जरी आली तरी मुलाला तिथल्या तिथं खेळातून काढायचं आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय परत घ्यायचं नाही.

लेक हे वाचत होती तेव्हा मला जीपमधला तो पोरगा दिसत होता. "सर, सामना कवा हाय?" आम्ही तेव्हा हसलो होतो हो. गाडीतले सगळे हसले, मीसुद्धा. वाटलं, पोरगं खेळासाठी किती वेडं आहे. ओकणं, तेच तेच विचारणं, डोळ्यांपुढं अंधारी, उजेड नको वाटणं, ही सगळी डोक्याला हादरा बसल्याची लक्षणं असतात, हे मला वीस वर्षांनी कळलं. क्रीडाशिक्षक मी.

तेव्हा पंचांनो, डोकं आपटलेलं पोर त्या रात्री परत मैदानावर घेऊ नका. प्रशिक्षक हात जोडेल, पोरगं रडेल, अंतिम सामना असेल. घेऊ नका. तुमच्या शिट्टीला एवढा अधिकार आहे. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, म्हणावं एक म्हातारा सर तसं लिहून गेलाय.

आणि पकडीच्या वेळी शिट्टी अर्धा श्वास आधी वाजवा. मोठ्यांच्या सामन्यात चढाईपटू शेवटच्या क्षणी हात टाकून रेषा गाठतो, तो थरार असतो, तिथं थांबणं मला समजतं. किशोर गटात थांबू नका. पाय थांबले, दोघांनी धरलं, रेषा हाताच्या पल्ल्याबाहेर, की वाजवा. शंभरात पाच वेळा तुमचं चुकेल, सुटू शकणारा पोरगा बाद दिला जाईल, पालक चिडतील, व्हॉट्सअॅपवर तुमचा व्हिडिओ फिरेल. फिरू द्या. एक गुण गेल्यानं कुणाचं हाड मोडत नाही. आणि शिट्टीनंतर जो अंगावर येतो त्याला पिवळं कार्ड, तो यजमान असो, पाहुणा असो, आमदारांचा पुतण्या असो.

ओंटारिओतल्या विंडसर गावातून १९९६ च्या सुमारास एक साधी गोष्ट सुरू झाली. पोरांच्या जर्सीच्या पाठीवर, नंबराच्या वर, लाल अष्टकोनी 'स्टॉप'ची खूण शिवायची. मागून धडकायला येणाऱ्याला शेवटच्या क्षणी ती दिसावी म्हणून. आपल्या पोरांच्या पाठीवर दूध डेअरीचं आणि बांधकाम साहित्याचं नाव असतं. सौजन्य लागतंच, जर्सी फुकट येत नाही, मीही पूर्वी दारोदार फिरून जर्स्या गोळा केल्यात. पण खांद्यामागच्या टीचभर जागेवर एखादी लाल पट्टी बसली तर प्रायोजक काही रागावणार नाहीत.

पंचांच्या संघटनांना एक विनंती. दरवर्षी १५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी, आपण कबड्डी दिन साजरा करतो. फोटोला हार, नारळ, दोन भाषणं, चहा. यंदा त्या दिवशी सकाळी एक तास काढा. मोबाइलवर मिळतील तेवढे किशोर गटाचे व्हिडिओ पडद्यावर लावा आणि पंचांना विचारा, इथं शिट्टी कुठं वाजायला हवी होती? पाच जण पाच ठिकाणं सांगतील, भांडतील. भांडू द्या. पुढच्या शनिवारी मैदानावर ते भांडण उपयोगी पडेल. बुवांना हारापेक्षा ते जास्त आवडलं असतं असं मला वाटतं, पण तो माझा अंदाज.

मानेची पकड आणि शिट्टीनंतरचं अंगावर येणं, एवढ्या दोन गोष्टींना या हंगामात न चुकता कार्ड काढायचं, असं जिल्ह्यातल्या पंचांनी आपापसात ठरवलं तरी पुरे. दोनच. सगळं एकदम सुधारायला गेलो की काहीच होत नाही, हे शिक्षकाला चांगलं माहीत असतं. आणि हे सगळ्यांनी मिळून ठरवा, कारण एकट्यानं कार्ड काढणाऱ्याचा फोन बंद होतो. सगळ्यांनीच काढलं तर मंडळं फोन कुणाला करणार?

हे पत्र लिहिण्याआधी मी त्या पोराकडे जाऊन आलो. आता तो चाळिशीकडे झुकलाय. द्राक्षाची बाग आहे, स्वतःचा ट्रॅक्टर आहे. तुझी गोष्ट लिहू का, म्हणून विचारलं. बागेत फवारणी चालू होती, त्यानं पंप बंद केला, डोक्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "लिहा की सर. फकस्त नाव नगा घालू, आमचं पोरगं औंदा किशोर गटात खेळतंय, त्येला कळाय नको बाप रडला हुता म्हणून." त्याच्या डाव्या खांद्यावर हाडाचा उंचवटा अजून हाताला लागतो. त्यानंच माझा हात धरून तिथं नेला.

त्याच्या पोराचा सामना आहे पुढच्या महिन्यात. पंच कोण असेल मला माहीत नाही. तुमच्यापैकीच कुणीतरी असाल. मी खुर्ची घेऊन मध्यरेषेजवळ बसणार आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

शिबिर घ्यायचं ठरलं तर मला कळवा, कुठल्याही तालुक्यात स्वतःच्या खर्चानं येईन. मानधन नको, चहा पुरे, बिनसाखरेचा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक आणि माजी पंच
वाळवा तालुका, जि. सांगली

ता.क. मंडळांना: हॅलोजनचे खांब रेषेपासून निदान तीन मीटर मागं रोवा आणि बुडाला भाताच्या पेंढ्यांची पोती बांधा. खर्च काहीच नाही. खुर्च्यांची पहिली रांग पाहुण्यांसाठी असते हे मला कळतं, ती पण मागं घ्या.